खिडकीतलं नाणं

पेपरवाल्यानं नाणं परत केलं, तिथून हे सगळं सुरू झालं.

महिन्याच्या बिलाला पाच कमी पडत होते, म्हणून मायक्रॉनसाहेबांनी स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या कट्ट्यावर पडलेलं पाचाचं नाणं उचललं आणि दारात नेऊन दिलं. पेपरवाल्यानं ते दोन बोटांत धरून उजेडात फिरवलं आणि "काका, हे नाही चालायचं" म्हणत त्यांच्याच तळहातावर ठेवलं. साहेबांनी खिशातून दुसरं काढून दिलं, दार लावलं आणि तिथेच पायपुसण्यावर उभे राहिले. एकतीस वर्षं त्यांनी लोकांच्या हातचा माल नापास केला होता. त्यांच्या हातची वस्तू नापास होऊन परत यायची ही पहिलीच वेळ होती.

मायक्रॉन हे नाव त्यांना कारखान्यानं दिलं होतं. कारखाना पाण्याचे पंप बनवायचा आणि साहेब तिथे तपासणी विभागात होते. केसाच्या जाडीचे साठ-सत्तर भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे मायक्रॉन. तेवढ्याशा फरकासाठी साहेबांनी एकदा अख्खी खेप दोन दिवस अडवून धरली होती. पण त्यांचं खरं काम होतं परत आलेल्या मालाचं. गिऱ्हाइकानं तक्रार करून पंप परत पाठवला की तो साहेबांच्या टेबलावर यायचा, चार माणसं भोवती गोळा व्हायची आणि त्यातला एक जण हळूच विचारायचा, "साहेब, काय झालंय याला?" त्या एका प्रश्नासाठी साहेब एकतीस वर्षं सकाळी सातची पाळी गाठत होते, असं म्हटलं तरी चालेल.

उत्तर द्यायची त्यांची रीत ठरलेली होती. आधी भिंग, मग मापं, मग शेवटचा प्रश्न: ओरखडा रंगाच्या खाली आहे की रंगाच्या वर? खाली असेल तर रंग द्यायच्या आधी झाला, म्हणजे दोष कारखान्याचा. वर असेल तर माल दाराबाहेर गेल्यावर झाला, म्हणजे दोष गिऱ्हाइकाचा. साहेबांना ओरखडे बहुतेक वेळा वरच दिसत. मग ते 'नुकसान नंतरचं' असा शिक्का मारत. त्या शिक्क्याचं रबर दोनदा झिजलं आणि दोनदा बदललं गेलं.

आता निवृत्तीला चार महिने झाले होते आणि चार महिन्यांत कुणीही त्यांना काय झालंय म्हणून विचारलं नव्हतं. वहिनी, म्हणजे त्यांच्या मंडळी, सकाळी फक्त 'चहा घेणार का' असं विचारत, आणि त्याचं उत्तर द्यायला भिंग लागत नाही. साहेब आतून खचले होते. ते कुणाला सांगत नव्हते, पण रिकाम्या टेबलावर मापं घ्यायचा व्हर्नियर काढून ठेवायचे आणि पुसून परत पेटीत घालायचे. घरात त्यांना आधार एकाच गोष्टीचा होता आणि ती ते आल्यागेल्याला ऐकवत.

"अठ्ठावीस वर्षं झाली या घराला. एकदाही कारागीर आलेला नाही. का? मी वस्तू घेतानाच तपासून घेतो."

हे वाक्य यायच्या वेळी वहिनी बहुधा चहाचा ट्रे घेऊन यायच्या. त्या कप ठेवायच्या, पाहुण्यांकडे बघून हसायच्या आणि आत जायच्या.

तर त्या सोमवारी साहेब नाणं घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसले आणि भिंग लावून पाहिलं. नाणं गोल नव्हतं. एका बाजूची कड अकरा मिलिमीटरपर्यंत सरळ होती आणि तिथे ते पाचरीसारखं निमुळतं झालं होतं. बाकी जाडी एक पूर्णांक नऊ दशांश मिलिमीटर, तिथे जेमतेम शून्य पूर्णांक आठ. कडेवर बारीक खाचा, एका अंगाला मोठा गोल खळगा, आणि सगळं नाणं मिळून किंचित वाकलेलं. असलं नाणं टाकसाळीतून बाहेर पडलंच कसं? तिथला तपासनीस झोपला होता का?

इथे साहेबांची चूक झाली, आणि ती त्यांच्यासारख्या माणसाचीच होऊ शकते. एकतीस वर्षं त्यांनी दोष नेहमी समोरच्याच्या पदरात टाकला होता. तेव्हा समोर गिऱ्हाईक असायचं. आज साहेब स्वतः गिऱ्हाईक होते आणि समोर होती टाकसाळ. सवयीनं बोट आपोआप समोर गेलं आणि रंगाखाली की रंगावर हे बघायचं राहून गेलं. दुपारपर्यंत त्यांनी चार पानी अहवाल लिहिला. निष्कर्ष: दोष टाकसाळीचा.

संध्याकाळी वहिनी खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवत होत्या.

"इथलं नाणं कुठे गेलं?"

"सुरक्षित आहे," साहेब म्हणाले. नाणं एका छोट्या पारदर्शक पिशवीत गेलं होतं आणि पिशवीवर 'नमुना क्रमांक एक' अशी चिठ्ठी होती. त्यांनी खिशातून कोरं करकरीत नाणं काढून पुढे केलं. "हे घे त्याच्या बदली. पाचाला पाच."

वहिनींनी नव्या नाण्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. "हे जाड आहे हो. मला तेच द्या. त्यानं मी—"

"अगं, ते साधंसुधं नाणं नाहीये. टाकसाळीची चूक आहे ती. अशी लाखात एखादी सापडते. त्याचं मोल तुला नाही कळायचं."

वहिनी "बरं" म्हणाल्या.

लग्न झालेल्या कुठल्याही माणसानं त्या 'बरं'ची दखल घेतली असती. साहेबांचंही लग्न होऊन तीस वर्षं झाली होती, पण तेवढी वर्षं त्यांचं लक्ष पंपांकडे होतं.

मंगळवारी दुधाच्या भांड्याच्या दांड्यानं मान टाकली. साहेब कपात दूध ओतत होते, भांडं हातातल्या हातात फिरलं आणि अहवालाच्या तिसऱ्या पानावर दूध सांडलं.

"याचा स्क्रू ढिला झालाय," साहेब म्हणाले. "काल तर ठीक होता."

"हो ना. काल ठीक होता," वहिनी म्हणाल्या आणि दुधाचं पान वाळायला दोरीवर लावलं.

त्याच दिवशी वहिनींचे धाकटे भाऊ आले. मेव्हण्यांना कशात काय आहे हे कळायच्या आधी उडी घ्यायची सवय होती. नाणं बघताच त्यांनी भाऊजींना सांगून टाकलं की हे आता काचेच्या कपाटात जाणार, खाली शोधणाऱ्याच्या नावाची पाटी लागणार आणि लोक लांबून येऊन विचारणार, हे ओळखलं कुणी? साहेबांना बाकी कशाशी घेणंदेणं नव्हतं, पण त्या शेवटच्या प्रश्नानं ते पुरते विरघळले. मेव्हण्यांनी निघायच्या आधी नाणी पारखणाऱ्या एका बाईंची रविवारी अकराची वेळ ठरवली आणि घरी पोचेपर्यंत निम्म्या नातेवाइकांना फोन करून ही बातमी दिली. रात्रीच्या जेवणाआधी तीन जणांनी साहेबांचं अभिनंदन केलं होतं. आता माघार घ्यायची सोय राहिली नाही.

बुधवारी बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघेना. साहेबांनी चमचा लावला, तर चमचा वाकला. त्यांनी डबा मांड्यांत धरून जोर केला तेव्हा झाकण एकदम सुटलं, बिस्किटं घरभर झाली आणि मागे रेललेल्या साहेबांच्या खुर्चीचा उजवा हात निखळून खाली पडला. ती खुर्ची त्यांनी दुकानात अर्धा तास उलटीसुलटी तपासून घेतली होती. ते बराच वेळ खुर्चीचा हात स्वतःच्या हातात धरून बसले.

गुरुवारी वजन करायचं राहिलंय हे त्यांच्या लक्षात आलं. वजनाशिवाय अहवाल म्हणजे मिठाशिवाय आमटी, असं ते कारखान्यात नवीन पोरांना सांगत. त्यांनी स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा काढला, तर त्याचा सेल संपलेला. सेलवरच्या झाकणाला मधोमध एक बारीक खाच होती. खाचेत काहीतरी पातळ घालून फिरवलं की झाकण निघायचं. साहेबांनी कोरं नाणं घालून पाहिलं, ते जाड होतं. सुरी लावली, ती सटकली आणि अंगठा कापला. वहिनींनी पट्टी बांधून दिली. पट्टी बांधून घेता घेता साहेबांचं लक्ष पिशवीतल्या नमुन्याकडे गेलं. त्याची सरळ निमुळती कड त्या खाचेत चपखल बसली असती.

"अगदी मापाची आहे बघ," ते म्हणाले. "पण नमुना वापरायचा नसतो. पुरावा बिघडतो."

"नाही ना," वहिनी म्हणाल्या. "बिघडला तर काय घ्या."

साहेबांनी अहवालात 'वजन: यथावकाश' असं लिहिलं, फोटो आणि आकृती जोडली आणि एक प्रत थेट टाकसाळीला पाठवून दिली. पाकीट टपालपेटीत पडल्याचा आवाज आला तेव्हा कित्येक महिन्यांनी त्यांना सातची पाळी करून आल्यासारखं वाटलं.

शुक्रवारी कपडे धुवायचं मशीन चालायला लागलं. म्हणजे नुसतं सुरू झालं असं नव्हे, जागेवरून चालायला लागलं. बाथरूमच्या कोपऱ्यातून निघून ते थरथरत, धडधडत दारापर्यंत आलं, पाण्याची नळी ताणून तोडली आणि उंबऱ्यावर डोकं टेकून थांबलं. पाणी बैठकीपर्यंत आलं. साहेब दोन्ही हातांनी मशीनला मिठी मारून उभे होते आणि वहिनी शांतपणे वीज बंद करत होत्या.

अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा घरात कारागीर आला. साहेबांनी त्याच्यासाठी दार उघडलं तेव्हा त्यांची मान खाली होती. कारागिरानं मशीन उघडलं, बंद केलं, मग फरशीवर आडवं पडून खालून पाहिलं.

"मशीनला काही झालेलं नाही काका. फरशीला उतार आहे. मागचा डावा पाय अधांतरी राहतो. आजवर खाली काय ठेवत होतात?"

"काही नाही," साहेब म्हणाले. "तपासून घेतलेलं मशीन आहे."

कारागिरानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी छताकडे बघत होत्या. त्यानं नवी नळी बसवली, पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि जाता जाता म्हणाला, "मग हे इतकी वर्षं उभं कसं राहिलं, देवाला माहीत."

रविवारी मेव्हण्यांनी गाडी आणली. वहिनी न बोलावता मागे येऊन बसल्या. "मलाही बघायचंय काय निघतं ते," इतकंच म्हणाल्या.

नाणेवाल्या बाईंचं दुकान घड्याळांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतं. बाई साठीच्या पुढच्या, बारीक आवाजाच्या, एका डोळ्याला भिंग अडकवून बसलेल्या. खोलीत एक टेबल, एक दिवा आणि छतापर्यंत लहान लहान खण. साहेबांनी पिशवी पुढे ठेवली आणि तिच्यावर अहवाल ठेवला. बाईंनी आधी अहवाल घेतला. चारही पानं, दुधाचं पानसुद्धा, त्यांनी सावकाश वाचली. साहेबांचा ऊर भरून आला. त्यांचा अहवाल इतक्या मनापासून कारखान्यात मालकांनीही वाचला नव्हता.

"मापं किती सुंदर घेतलीत," बाई म्हणाल्या. "वजन नाही घेतलं?"

साहेबांनी कापलेला अंगठा खिशात घातला. बाईंनी नाणं आपल्या काट्यावर ठेवलं. असलं नाणं नऊ ग्रॅमचं असतं, हे साडेसातच भरलं. छाप वाकडी बसली म्हणून काही धातू उडून जात नाही, असं पुटपुटत त्यांनी नाणं दिव्याखाली धरलं आणि भिंग साहेबांच्या हातात दिलं.

"साहेब, एक विचारते. नाण्याचा हा तुकडा टाकसाळीत छाप मारायच्या आधीच वाकडा असता, ही कड तिथेच चपटी झाली असती, तर छाप कुठे बसली असती?"

"त्या वाकडेपणावर," साहेब म्हणाले.

"आणि इथे?"

साहेबांनी पाहिलं. सोमवारपासून ते नाणं बघत होते, पण आत्ता त्यांनी ते खऱ्या अर्थानं पाहिलं. कडेची अक्षरं आधी नीट उमटली होती आणि मग अर्धी अर्धी झिजली होती. पाचाचा आकडा आधी उठून आला होता आणि मग खळग्यात दबला होता. छाप खाली होती आणि मार तिच्यावर. शिकाऊ पोरानंही एका नजरेत सांगितलं असतं. साहेबांचे कान तापले.

"रंगावरचा ओरखडा आहे," ते अगदी हळू म्हणाले. मेव्हण्यांना काही कळलं नाही, पण वहिनींना कळलं. "नुकसान नंतरचं."

अभिनंदन करणारे सगळे नातेवाईक साहेबांच्या डोळ्यांपुढून रांगेनं गेले. टाकसाळीकडे निघालेलं पाकीटही गेलं. सगळ्यात वाईट वाटलं ते हे, की ज्या एका कामात आपण चुकत नाही असं ते समजत होते, त्यातच ते चुकले होते. आता विचारणारं कुणी नव्हतं आणि विचारावं असंही काही उरलं नव्हतं.

बाईंनी मात्र खुर्ची पुढे ओढली. "टाकसाळीच्या चुका मी रोज बघते. हे जास्त मजेदार आहे. ही कड बघा, घासलेली नाहीये. दोन्ही बाजूंनी सारखी झिजलीय. ती एखाद्या खाचेत घालून वर्षानुवर्षं फिरवलीय कुणीतरी. साहेब, हे नाणं तुमच्या घरात कोण वापरतं?"

"मी," वहिनी म्हणाल्या.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"दुधाच्या भांड्याचा दांडा," वहिनी सांगू लागल्या. "दर चार दिवसांनी ढिला होतो. यांच्या खुर्चीचा उजवा हात, कारण हे त्यावरच जोर देऊन उठतात. वजनकाट्याचं झाकण. पंख्याची कळ. कपाटाची मूठ. स्क्रू ड्रायव्हर होता आमच्याकडे, पण तो यांच्या पेटीत असतो, आणि पेटीतली वस्तू घेतली की कुठल्या कामासाठी आणि किती वेळ, ते लिहून द्यावं लागतं."

बाईंनी हसू दाबलं. "आणि कडेवरच्या या खाचा?"

"डब्यांची झाकणं."

"हा खळगा? यावर काहीतरी जड उभं राहत असणार, आणि उभं राहून हलतही असणार."

"कपड्यांचं मशीन. आठवड्यातून तीनदा. मागचा डावा पाय. धुऊन झालं की काढून खिडकीत ठेवते, नाहीतर सापडत नाही."

साहेबांना शुक्रवारचा कारागीर आठवला, छताकडे बघणाऱ्या वहिनी आठवल्या, आणि पाय अधांतरी राहिल्यासारखं त्यांचं त्यांनाच झालं.

"आता एकच राहिलं," बाई म्हणाल्या. "हा बाक. हा झिजेचा नाही. एकदाच, एका दमात, पूर्ण ताकद लावून आलेला आहे."

वहिनी साहेबांकडे न बघता म्हणाल्या, "लेक तीन वर्षांची होती. बाथरूममध्ये गेली, आतून कडी लावली आणि ती अडकली. आत पोर रडतंय, नळ चालू आहे. यांची सकाळची पाळी. ओट्यावर हे नाणं होतं, ते दाराच्या फटीत घातलं आणि कडी वर उचलली. तेव्हा वाकलं."

"मला कधी सांगितलं नाहीस," साहेब म्हणाले.

"कडी तुम्ही तपासून आणली होती," वहिनी म्हणाल्या. "आठवडाभर सगळ्यांना सांगत होतात, अशी कडी गावात मिळायची नाही. म्हटलं, राहू दे."

बाईंनी नाणं पुसलं आणि पिशवीत न घालता सरळ वहिनींच्या हातावर ठेवलं. "ताई, खरं सांगते, माझ्या बाजारात याला काही किंमत नाही."

"नसू दे. घरी आहे," वहिनी म्हणाल्या. "आज कपडे धुवायचेत." आणि त्यांनी ते कमरेच्या बटव्यात टाकलं.

बाईंनी काही घेतलं नाही. अहवालाची प्रत तेवढी मागून घेतली. एकही माप चुकलेलं नाही, फक्त निकाल चुकलाय, असं त्या म्हणाल्या, आणि साहेबांना त्या क्षणी त्या बाईंबद्दल इतकं बरं वाटलं की ते नमस्कार करून दारापर्यंत गेले आणि परत येऊन पुन्हा एकदा नमस्कार करून गेले.

परतीच्या वाटेवर मेव्हणे नातेवाइकांना काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. साहेब खिडकीबाहेर बघत बसले होते. त्यांना एक साधी गोष्ट पहिल्यांदाच सुचत होती. कारखान्यात त्यांच्या टेबलावर फक्त बिघडलेले पंप येत. चालणारा पंप कधी परत येत नाही. त्यामुळे चालणाऱ्या पंपाबद्दल त्यांना एकतीस वर्षांत काहीच कळलं नव्हतं. तो कुणाच्या अंगणात आहे, कोण त्याला तेल घालतं, कोण त्याची नळी सांधतं. घराचंही तसंच झालं होतं. घर चालत होतं, म्हणून त्यांनी कधी विचारलंच नाही की ते कशावर चालतंय. आणि तो सगळा मोठेपणा मात्र त्यांनी आल्यागेल्यासमोर स्वतःच्या नावावर लावून घेतला होता, तोही वहिनींच्याच हातचा चहा पिता पिता.

त्यांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा मोठं काहीतरी वाटत होतं. फटीतून नाणं घालणारी ती पंचविशीतली मुलगी त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना.

घरी आल्यावर वहिनींनी आधी दुधाच्या भांड्याचा दांडा पिळला, मग खुर्चीचा हात बसवला. दोन्ही मिळून मिनिटभराचं काम. साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"अगं, ऐक."

"काय?"

"तुझे फार उपकार आहेत माझ्यावर."

वहिनींनी वळून त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंड होतं. "अहो, स्क्रू आहेत ते," त्या म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा लाल झाला होता आणि खुर्चीचा आधीच घट्ट झालेला स्क्रू त्या विनाकारण आणखी पिळत राहिल्या.

त्या दिवसापासून साहेबांनी स्क्रू ड्रायव्हर पेटीतून काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्याबद्दल काही लिहून द्यावं लागणार नाही, असंही जाहीर केलं. वहिनींनी आभार मानले आणि स्क्रू ड्रायव्हरचा उपयोग खिडकी उघडी राहावी म्हणून अडसरासारखा केला. स्क्रू त्या नाण्यानंच पिळतात. पाहुणे आले की साहेब आता निराळंच सांगतात. अठ्ठावीस वर्षांत एकदाच कारागीर आला, आणि तो का आला, हे ते सविस्तर सांगतात. वहिनी ट्रे घेऊन आल्या की आत पळतात.

तीन आठवड्यांनी टाकसाळीचं उत्तर आलं. साहेबांनी पाकीट फोडलं. छापील कागदावर दोन ओळी होत्या. सदर नाणे आमच्याकडून सुस्थितीत बाहेर गेले होते. नुकसान नंतरचे. साहेबांनी त्या दोनदा वाचल्या आणि पसंतीची मान हलवली. एक अक्षर जास्त नाही, एक कमी नाही. तिथला तपासनीस झोपलेला नव्हता.

कागद घडी करताना त्यांचं लक्ष खालच्या कोपऱ्याकडे गेलं. तिथे पेनानं, घाईच्या अक्षरात, कुणीतरी आणखी लिहिलं होतं: 'आपला अहवाल आमच्या विभागात सर्वांनी वाचला. मापे पाहून थक्क झालो. पण इतक्या निरनिराळ्या खुणा एकाच नाण्यावर कशा आल्या, यावर इथे दोन दिवस वाद चालू आहे. साहेब, नक्की काय झालंय याला? कळल्यास कृपया कळवावे.'

साहेबांनी चष्मा पुसला, टेबलावर कोरा कागद ठेवला, आपली खुर्ची ओढून बाजूला केली आणि वहिनींना हाक मारली. वहिनी हात पुसत आल्या.

"बस इथे," साहेब म्हणाले. "खुर्चीवर. तू सांग, मी लिहितो."

"मशीन चालू आहे हो."

"चालू दे. पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

वहिनी खुर्चीवर टेकल्या. तिचा हात आता घट्ट होता. बाथरूममध्ये मशीन एका जागी उभं राहून गुणगुणत होतं. वहिनी सांगत गेल्या, साहेब स्टुलावर बसून लिहीत गेले. नवं घर, पहिलं दुधाचं भांडं, लेकीची कडी, पंखा, डबे, खुर्ची. पाच पानं झाली. साहेबांनी मधे एकदाही टोकलं नाही. शेवटी नेहमीचे रकाने राहिले होते, ते त्यांनी एकेक करून भरले. कारण: वापर. दोष: नाही. त्याखाली एक रकाना नमुन्याचा होता. तिथे त्यांची लेखणी जरा थांबली आणि मग त्यांनी आपल्या सुबक, मायक्रॉनी अक्षरात लिहिलं: 'नमुना सोबत जोडलेला नाही. तो मशीनखाली आहे.'